जिन्यातला सट्टा

मी काही काळ सरकारमान्य ऑनलाइन सट्टा चालवत होतो, असं सांगितलं की लोक आधी माझ्या चष्म्याकडे बघतात, मग हातातल्या भाजीच्या पिशवीकडे बघतात आणि शेवटी माझ्या बायकोला हळूच विचारतात, "यांची तब्येत बरी आहे ना?" ती म्हणते, बरी आहे आणि ते खरं बोलतायत. तरी कुणाचा विश्वास बसत नाही. लोकांचाही दोष नाही. मी विमा कंपनीत दाव्यांच्या विभागात आहे. पॉलिसीच्या मागच्या पानावर जो मुंगीएवढ्या अक्षरांतला मजकूर असतो तो वाचायचा आणि त्याच्या आधारे लोकांना 'मिळणार नाही' असं नम्रपणे कळवायचं, हे माझं काम. पत्त्यांचा डाव मांडला तरी मी म्हणतो, आधी नियम एकदा वाचून घेऊ. त्यामुळे मला कुणी डावाला बोलवत नाही.

सगळं सुरू झालं ते आमच्या इमारतीची लिफ्ट बंद पडल्यामुळे. लिफ्ट बंद पडते यात नवीन काही नाही. पण या वेळी ती दोन मजल्यांच्या मधोमध, दार किलकिलं ठेवून अशी थांबली की जणू काही विचारायला आली होती आणि विसरली. सेक्रेटरींनी इमारतीच्या फोनवरच्या ग्रुपात संदेश टाकला, 'लिफ्ट उद्या सुरू होईल.' दुसऱ्या दिवशी तोच संदेश परत. तिसऱ्या दिवशीही. आमचे सेक्रेटरी अत्यंत सज्जन गृहस्थ. ते खोटं बोलत नाहीत, त्यांना खरोखरच तसं वाटत असतं. लिफ्ट कंपनीला ते रोज फोन करत, कंपनीतली बाई त्यांना रोज गोड आवाजात 'उद्या' म्हणे, आणि ते तो 'उद्या' अलगद उचलून आमच्यापर्यंत आणून पोहोचवत.

एका संध्याकाळी दोन्ही हातांत पिशव्या घेऊन चौथ्या मजल्यावर पोचलो, धाप लागली होती, आणि अशा अवस्थेत माणसानं फोनला हात लावू नये हे मला तेव्हा ठाऊक नव्हतं. मी ग्रुपात लिहिलं, लिफ्ट कधी सुरू होईल याची प्रत्येकानं तारीख सांगावी. ज्याची तारीख उलटेल त्यानं, ज्याची तारीख अजून पुढे आहे त्याचं सामान एकदा वर नेऊन द्यावं.

मी हे गमतीनं लिहिलं होतं. विमा कंपनीतल्या माणसाची गंमत लोक गंमत म्हणून घेत नाहीत, हीच माझ्या आयुष्याची शोकांतिका आहे. अर्ध्या तासात सगळ्या इमारतीनं तारखा लावल्या.

माझा मेहुणा त्या दिवसांत आमच्याकडे राहायला आला होता. 'थोडे दिवस' असं म्हणाला होता आणि बायकोनं त्याच्यासाठी कपाटाचा एक कप्पा रिकामा केला, यावरून मी काय ते समजलो होतो. कंपनी बदलतोय, मधे जरा वेळ आहे, असं त्याचं म्हणणं. संगणकात हुशार. दिवसभर सोफ्याच्या कोपऱ्यात फोनमध्ये डोकं घालून बसायचा, हाक मारली की दचकायचा. तारखांचा हा गोंधळ बघून तो पहिल्यांदा जरा सरळ बसला आणि म्हणाला, याला एक छोटी वेबसाइट हवी. जेवायच्या आत ती तयार झाली. नाव दिलं, 'लिफ्ट केव्हा'. तारीख निवडा, बटण दाबा, कोण हरलं, कुणावर कुणाच्या किती खेपा चढल्या, सगळं आपोआप. 'खेप' हे आमचं चलन. एक खेप म्हणजे एका माणसाचं सामान एकदा वर नेणं.

गणित सरळ होतं. आशावादी लोक हमाली करत आणि निराशावादी लोक हात हलवत जिना चढत. सगळ्यांत वरच्या मजल्यावर एकट्या राहणाऱ्या मावशींनी पुढच्या वर्षातली तारीख लावली होती. आयुष्यभर पोस्टात काम केल्यामुळे 'उद्या'चा त्यांना अनुभव होता. त्यांचं पीठ, त्यांची फळं, त्यांचं औषध, सगळं इमारतीतल्या धडधाकट पुरुषांच्या खांद्यावरून वर जाऊ लागलं. उलट सेक्रेटरी पदाची शान राखायला रोज 'उद्या'वर खेळत आणि रोज हरत. आयकर सल्लागार असलेला तो भारदस्त माणूस डोक्यावर कलिंगड घेऊन जिना चढतानाचं दृश्य ज्यानं पाहिलं नाही, त्यानं लोकशाही पाहिली नाही.

पण एक झालं. ज्या जिन्यात पूर्वी माणसं एकमेकांना बघून भिंतीवरचा रंग तपासायची, तिथे आता गप्पा रंगू लागल्या. समोरच्या इमारतीची लिफ्टही नादुरुस्त होती. त्यांनी आमच्या वेबसाइटवर जागा मागितली. मग मागची इमारत. मग पलीकडच्या गल्लीतलं दातांचं इस्पितळ. मेहुण्यानं सगळ्यांना सामावून घेतलं. मी ऑफिसात जाताना रस्त्यावरची अनोळखी माणसं मला 'काय शेठ' म्हणू लागली. वरवर मी नाराजी दाखवत असे.

अशा सुखाच्या काळात एका सकाळी वर्तमानपत्राच्या आतल्या पानात एक सरकारी जाहीर सूचना छापून आली. ती बारीक अक्षरांत होती, म्हणजे माझ्यासाठीच होती. ऑनलाइन सट्ट्याला आळा घालायला नवा कायदा झाला आहे, त्यासाठी नियमन प्राधिकरण नेमलं आहे, आणि इंटरनेटवर 'पैसा किंवा पैशाचं मोल असलेली कोणतीही वस्तू अथवा सेवा' पणाला लावून खेळ चालवणाऱ्या प्रत्येकानं परवाना घेतला पाहिजे. मी 'अथवा सेवा' हे दोन शब्द परत वाचले. माझ्या डोळ्यांसमोर कलिंगड आलं. कलिंगड वर नेणं ही सेवा नाही तर काय आहे?

मी चहा तसाच ठेवून बायकोला सूचना वाचून दाखवली. ती म्हणाली, "मग? तुम्हाला कुणी विचारलंय का?" नाही, म्हटलं. "मग तुम्ही कशाला विचारायला जाताय?" यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं, फक्त स्वभाव होता.

सल्ला द्यायला इमारत नेहमीच तत्पर. सेक्रेटरी म्हणाले, गप्प बसा, कायदा मोठ्या कंपन्यांसाठी आहे. मावशी म्हणाल्या, जे करायचं ते लेखी करा आणि पोच घ्या. मावशींचा सल्ला मला पटला, कारण तो माझ्या मनात आधीपासूनच होता. सल्ला पटतो तो असाच.

प्राधिकरणाच्या वेबसाइटवर गेलो. मला एक साधा प्रश्न विचारायचा होता, की बाबा, आम्हाला परवाना लागतो का? पण प्रश्न विचारायची सोयच नव्हती. तिथे दोनच बटणं होती: 'परवान्यासाठी अर्ज करा' आणि 'परवाना परत करा'. परत करायला माझ्याकडे काही नव्हतं, म्हणून पहिलं दाबलं. धंद्याचं स्वरूप विचारलं, त्यात कॅसिनो, घोड्यांच्या शर्यती, सामने आणि इतर असे पर्याय होते. मी 'इतर' निवडून लिहिलं, लिफ्ट. सर्व्हर कुठल्या देशात आहे? बेडरूममधल्या कपाटावर. कर्मचारी किती? मेहुणा. शेवटी 'मी वरील धंदा प्रामाणिकपणे चालवीन' यावर खूण करून पाठवून दिलं, आणि लगेच लक्षात आलं की आपण प्रश्न विचारलेलाच नाही, चक्क सट्ट्याच्या धंद्यात उतरायची इच्छा सरकारला कळवली आहे.

दुसऱ्या दिवशी अर्धी रजा टाकून प्राधिकरणाचं कार्यालय गाठलं. अर्ज मागे घ्यावा आणि शांतपणे घरी यावं, एवढाच हेतू. कार्यालय इतकं नवं होतं की खुर्च्यांवरची प्लास्टिकं अजून काढली नव्हती. बसलं की कुणीतरी चिवडा खातंय असा आवाज येई. खिडकीपाशी जाऊन नाव सांगितलं मात्र, आतली कारकून मंडळी उठून उभी राहिली. सरकारी कार्यालयात माझ्यासाठी कुणी उठून उभं राहण्याची ही पहिलीच वेळ, त्यामुळे मी मागे वळून पाहिलं, कोण आलं म्हणून.

आतून एक चटपटीत निरीक्षकबाई आल्या. त्यांनी मला आत नेलं, चहा मागवला आणि असा काही आनंद व्यक्त केला की मला माझं लग्न आठवलं. प्राधिकरण सुरू झाल्यापासून आलेला हा पहिला अर्ज होता. मी म्हटलं, बाई, मला तो मागे घ्यायचाय. बाईंचा चेहरा एकदम उतरला. मग त्यांनी मला नियम दाखवला: अर्जावर निर्णय होण्याआधी तो मागे घ्यायचा असेल तर अर्जदारानं स्वतः लेखी कारण द्यावं आणि त्यावर सुनावणी होईल, त्यापेक्षा परवाना घेऊन तो परत करणं सोपं. मी नियम वाचला. सुरेख लिहिला होता. माझ्या आयुष्यात मी कितीतरी लोकांना असे नियम दाखवले आहेत. समोरच्या बाजूनं ते कसे दिसतात हे त्या दिवशी कळलं.

मग तपासणी. बाई आल्या त्या जिना चढून, कारण लिफ्ट अर्थातच 'उद्या' होती. वर पोचल्यावर त्या पाणी प्यायल्या आणि कामाला लागल्या. तक्रार निवारण अधिकारी कोण? मी बायकोकडे पाहिलं. लग्नापासून सगळ्यांच्या तक्रारी तिनंच ऐकल्यात, तेव्हा ती नेमणूक तिथल्या तिथे झाली. तांत्रिक अधिकारी मेहुणा. खेळाडू सज्ञान आहेत याचा पुरावा हवा, म्हणून बाई मावशींकडे गेल्या आणि तुमचं वय अठराच्या वर आहे याला काही आधार आहे का, असं त्यांना विचारलं. मावशींना इतका हर्ष झाला की बाईंना जेवूनच जा म्हणाल्या. वेबसाइटच्या दर पानावर 'या खेळाची सवय लागू शकते' असा इशारा टाकावा लागला. त्याखाली कुणीतरी लिहिलं, 'सेक्रेटरींना विचारा.'

शेवटची अट स्वेच्छाबंदीची. बाईंनी समजावून सांगितलं. एखाद्याला वाटलं, आपलं आपल्याला थांबवता येत नाही, तर त्यानं प्राधिकरणाकडे स्वतःचं नाव द्यायचं. मग कुठलीही परवानाधारक कंपनी त्याला खेळू देणार नाही, आणि बिगरपरवाना कंपन्यांशी बँका व्यवहारच करणार नाहीत. मी मान डोलावली. मेहुण्यानं मात्र एकावर एक प्रश्न विचारले. नाव दिलं की परत काढता येतं का? घरच्यांना कळतं का? हे सुरू कधी होणार? मला कौतुक वाटलं, पोरगं कामात किती लक्ष घालतंय. शेवटच्या प्रश्नावर बाईंनी फाईल मिटली. म्हणाल्या, "कायद्यात एक गोम आहे. बँकांनी पैसे अडवण्याचं कलम लागू होतं ते पहिला परवाना दिला जाईल त्या दिवसापासून. म्हणून मोठ्या कंपन्यांनी आपसात ठरवलंय, कुणीच अर्ज करायचा नाही."

म्हणजे देशभरातले सट्टेवाले परदेशातल्या कुठल्याशा बेटावर पाय पसरून बसले होते आणि त्यांच्या सुखाच्या आड उभी होती आमची बंद लिफ्ट. हे ऐकून माझी छाती किंचित फुगली. हवेशीर वाटलं.

बातमी फुटली कशी देव जाणे, पण पुढच्याच रविवारी सकाळी दारात एक सुटाबुटातले गृहस्थ उभे राहिले. जिना चढून त्यांचा सूट पाठीला चिकटला होता आणि टाय खांद्यावर गेला होता. ऑनलाइन खेळ कंपन्यांच्या संघटनेकडून आलो, म्हणाले. इतका गोड माणूस मी पाहिला नाही. त्यांनी माझी वेबसाइट वाखाणली, बायकोच्या हातचा चहा वाखाणला, कपाटावरचा सर्व्हरही वाखाणला. मग म्हणाले, आमची संघटना समाजकार्यही करते. तुमच्या इमारतीला नवी कोरी लिफ्ट बसवून देऊ. आरशाची. मजल्याचं नाव पुकारणारी. फक्त तेवढा अर्ज मागे घ्या; सुनावणीला आमचा वकील येईल.

मी विचार करून सांगतो म्हणालो, हे मी अभिमानानं नमूद करतो. गृहस्थ मात्र फार पोचलेले. जाता जाता त्यांनी प्रत्येक मजल्यावर दार ठोठावून लिफ्टचं रंगीत चित्र वाटलं. ते खाली रस्त्यावर पोचेपर्यंत इमारतीची बैठक संध्याकाळी ठरलीसुद्धा.

दुपारभर माझ्याकडे माणसांची रीघ. सेक्रेटरींच्या डोळ्यांत पाणी होतं. ते म्हणाले, पुन्हा कधी 'उद्या' म्हणावं लागणार नाही हो. दुसऱ्या मजल्यावरचे गुडघेदुखीवाले काका बोललेच नाहीत, नुसते गुडघ्यावर हात ठेवून समोर बसून राहिले. तो युक्तिवाद सर्वांत प्रभावी होता. खरं सांगायचं तर मी विरघळलो होतो. देशाचं नियमन करायला मी कोण? मला साधं घरातल्या पंख्याच्या बटणाचं नियमन जमत नाही. आरशाची लिफ्ट घ्यावी आणि गप्प बसावं, असं मनाशी ठरवून मी आतल्या खोलीत कपडे बदलायला गेलो.

मेहुणा मागोमाग आला आणि त्यानं दार लोटलं.

"भावोजी, अर्ज मागे घेऊ नका."

मी म्हटलं, अरे, आरसा आहे. तो हसला नाही. पलंगाच्या कडेवर बसला आणि फोन माझ्यासमोर ठेवला. त्यात एक झगमगतं चक्र फिरत होतं. कंपनी बदलतोय हे खोटं होतं. नोकरी गेली होती, कारण कामाच्या वेळेतही तो हेच खेळत बसायचा. मोटारसायकल चोरीला गेली असं त्यानं ताईला सांगितलं होतं. ती विकली होती. हे सगळं तो फरशीकडे बघत सांगत होता आणि सदऱ्याची एकच बाही माझ्या हातात चढली होती, ती घालावी की काढावी हे मला सुचेना.

"मी अ‍ॅप काढून टाकतो," तो म्हणाला, "मनापासून काढतो. आणि दुपारी परत टाकतो. किल्ली माझ्याच खिशात आहे हो. बाहेरून कुणीतरी कुलूप लावायला पाहिजे."

मी पॉलिसीतले अपवाद वाचणारा माणूस. अशा जागी काय म्हणतात ते माझ्या कुठल्याच मागच्या पानावर लिहिलेलं नाही. मी त्याच्या पाठीवर हात ठेवला आणि म्हटलं, "ताईला सांगितलंस?" तो म्हणाला, नाही. तेवढ्यात दार उघडलं. ताई दारातच उभी होती. ही बाई आमच्या घरातली तक्रार निवारण अधिकारी आहे हे आम्ही दोघंही विसरलो होतो. तिनं भावाकडे पाहिलं, डोळे पुसले, आणि म्हणाली, "मोटारसायकलचं मला केव्हाच कळलं होतं. चोरीला गेलेल्या गाडीचं हेल्मेट कुणी विकत नाही. ऊठ, तोंड धू." मग माझ्याकडे वळून, "आणि तुम्ही दुसरी बाही घाला. बैठकीला उशीर होतोय."

बैठक जिन्यातच भरली, कारण आता सगळ्यांना तिथेच सुचत असे. लोक पायऱ्यांवर मजल्यांच्या क्रमानं बसले. मी मधल्या वळणावर उभा राहून जाहीर केलं की मी अर्ज मागे घेणार नाही. का, म्हणून विचारलं तर मेहुण्याचं नाव कसं घेणार? मी म्हटलं, मला तो परवाना हवा आहे. भिंतीवर लावायला.

त्यानंतर माझं जे काही झालं ते मी थोडक्यात सांगतो. शेठगिरी डोक्यात गेली, असं कुणी म्हणालं. एका चौकटीसाठी म्हाताऱ्या माणसांना जिना चढायला लावतो, असं दुसरं कुणी. गुडघ्यांचे काका आताही काही बोलले नाहीत, नुसता त्यांनी गुडघा जवळ ओढून घेतला. विम्यात माझी इतकी वर्षं गेली, पण एवढ्या लोकांना एकाच वेळी 'मिळणार नाही' कळवण्याचा प्रसंग कधी आला नव्हता. मी कठड्याला धरून उभा राहिलो आणि चेहऱ्यावर हट्टी माणसाचा भाव आणायचा प्रयत्न केला. बायको नंतर म्हणाली, दाढ दुखतेय असं वाटत होतं.

तेवढ्यात मेहुणा वरच्या पायरीवरून उठला. "भावोजी माझ्यासाठी खोटं बोलतायत," असं म्हणून त्यानं सगळं सांगितलं. लांबवलं नाही, रडला नाही. ज्यांच्या पिशव्या त्यानं रोज वर नेल्या होत्या त्या माणसांसमोर त्यानं ते सांगितलं, म्हणून असेल, किंवा जिन्यात आवाज घुमतो म्हणून असेल, पण कुणाचीही हालचाल झाली नाही.

सगळ्यांत आधी मावशी बोलल्या. इमारतीत सगळ्यांत जास्त जिना त्यांच्या वाट्याला. त्या म्हणाल्या, "मला नको ती आरशाची लिफ्ट. या वयात आरसा कशाला बघायचा?" आणि लगेच, "पण माझ्या खेपा बऱ्याच शिल्लक आहेत. त्या बुडवायचा विचार कुणी मनात आणू नका." पहिल्यांदा हसले ते गुडघ्यांचे काका. मग जिना असा हसला की समोरच्या इमारतीतले लोक खिडक्यांत आले. सेक्रेटरींनी रंगीत चित्राची चौघडी करून खिशात घातली आणि ठराव मांडला की परवाना मिळाल्यावर तो भिंतीवर लावावाच, फक्त जिन्यात लावावा, म्हणजे दम घ्यायला थांबलेल्यांना वाचता येईल. एकमतानं मंजूर.

सुटातल्या गृहस्थांना नकार कळवायचं काम तक्रार निवारण अधिकाऱ्यांनी घेतलं. ते पुन्हा पूर्ण जिना चढून आले तेव्हा बायकोनं त्यांना पाणी दिलं, बसवलं, त्यांचं सगळं ऐकून घेतलं आणि सांगितलं की तुमची तक्रार नोंदवली आहे, उद्या कळवू.

परवाना द्यायचा कार्यक्रम प्राधिकरणाच्या कार्यालयात झाला. मी लग्नातला कोट घातला. बटणं लागली नाहीत, पण छायाचित्रात मी फाईल पोटाशी धरली आहे, त्यामुळे कळत नाही. प्राधिकरणाच्या प्रमुखांनी भाषणात मला 'या क्षेत्रातले अग्रणी उद्योजक' म्हटलं. पुढच्या रांगेत आमची अख्खी इमारत बसली होती, आणि खुर्च्यांवरच्या प्लास्टिकमुळे भाषणातलं फारसं कुणाला ऐकू आलं नाही. पण निरीक्षकबाईंचा चेहरा मी विसरणार नाही. त्यांनी त्याच दुपारी बँकांना आदेश धाडले. आणि स्वेच्छाबंदीत पहिलं नाव नोंदवलं ते आमच्याच तांत्रिक अधिकाऱ्याचं. बाईंनी त्याला खिडकीपाशी उभं केलं नाही. आत नेलं, स्वतःची खुर्ची दिली आणि समोर बसून सगळं भरून घेतलं. शिवाय एका समुपदेशकाचा पत्ता दिला. तो तिथे जातो. रडतखडत का होईना, जातो.

यानंतर बेटांवर बसलेल्या कंपन्यांची जी पळापळ झाली ती पेपरांत आली आहे. पैसे अडकल्यावर प्रत्येकीला परवाना हवा झाला, आणि प्राधिकरणाच्या दाराशी गाड्यांची रांग लागली. आमच्या वेबसाइटचा शेवट मात्र वेगळाच झाला. नियमाप्रमाणे प्रत्येक खेळाच्या निकालाची खात्रीशीर तारीख प्राधिकरणाकडे हवी असते. ती आमच्याकडे नव्हती, म्हणून बाईंनी थेट लिफ्ट कंपनीला पत्र लिहून विचारलं. सेक्रेटरींच्या शेकडो फोनांना 'उद्या' म्हणणारी कंपनी गोल शिक्का बघून हादरली. दुसऱ्या दिवशी सकाळी मिस्त्री हजर. तो आत शिरला, कुठलीशी तार ओढली, एक पट्टा बदलला, आणि सेक्रेटरींचा चहाचा पहिला घोट संपायच्या आत लिफ्ट वरखाली करू लागली.

सेक्रेटरी जिंकले. आदल्या दिवशीही ते नेहमीप्रमाणे 'उद्या'वरच खेळले होते. इमारतीनं त्यांना खुर्चीत बसवून तळमजल्यापासून वरपर्यंत जिन्यानं मिरवत नेलं, आणि शेजारून रिकामी लिफ्ट त्यांच्याबरोबर वर गेली. मावशींनी वरच्या मजल्यावर त्यांच्या गळ्यात हार घातला आणि कानात सांगितलं की हार उतरवला की खाली कोबी ठेवलाय, तो आणा.

मी परवाना परत करायला गेलो तेव्हा बाईंनी 'परवाना परत करा' हे दुसरं बटण माझ्याकडून स्वतः दाबून घेतलं. खेळ नाही तर परवाना नाही, हे त्या म्हणाल्या आणि मलाही मान्य होतं. आम्ही बाहेर पडताना बरोबर आलेल्या मेहुण्याला म्हणाल्या, आमच्या वेबसाइटवर प्रश्न विचारायची सोय नाही अशी एक तक्रार आली आहे, ती सोय जोडायला माणूस हवाय. तक्रार कुणी केली ते मी विचारलं नाही.

तो त्या दिवशी घरी आला आणि जेवून सोफ्यावर बसला. खिशातून फोन काढला, मी पेपराच्या आडून बघत होतो. त्यानं वेळ बघितली आणि फोन पालथा ठेवला. मग उशी ओढली आणि कलंडला. थोड्या वेळानं घोरायला लागला. साधंसुधं नाही, कपाटातल्या काचेच्या पेल्यांना कंप सुटावा असं. मी उठून त्याला कुशीवर वळवणार, एवढ्यात बायको स्वयंपाकघरातून ओले हात तसेच घेऊन आली आणि तिनं मला खुणेनं खाली बसवलं. खिडकी लोटून घेतली, पडदा ओढला आणि माझ्या शेजारी येऊन बसली.

मी पेपराचं पान उलटलं तर म्हणाली, "हळू. किती दिवसांनी झोपलाय."

मग ते पान मी तसंच अर्धं उलटलेलं धरून बसलो. त्यावर काहीतरी बारीक अक्षरांत छापलेलं होतं. मी ते वाचलं नाही.